नरक्याची बुरशी कोणाच्या मालकीची?

सह्याद्रीच्या सदाहरित रानात नरक्या नावाचा एक लहानसा वृक्ष वाढतो. फुलांच्या दुर्गंधीमुळे त्याला हे नाव पडले. त्याचेच दुसरे नाव अमृता हे मात्र गमतीचे! त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ साली ते प्रथम एका चिनी वृक्षातून वेगळे केले. त्यापासून सिद्ध केलेल्या दोन कर्करोगविरोधी औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मागणी वाढली आणि सह्याद्रीत नरक्यावर कुऱ्हाड पडू लागली. नफा कारखानदाराचा, मजुरी तोडणाऱ्याची, आणि उजाड रान गावाचे, अशी ही वाटणी होती.

२००५ साली जम्मूच्या शास्त्रज्ञांनी या कथेला नवे वळण दिले. नरक्याच्या आतल्या सालीत वस्तीला असलेली, झाडाला अपाय न करणारी एक बुरशी त्यांनी वेगळी केली. प्रयोगशाळेत वाढवली असता तीही तेच द्रव्य निर्माण करते, असे आढळले. अशा बुरशांचे उत्पन्न मूळ झाडापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या वाढवताना पुष्कळदा घटत जाते. तेव्हा कारखान्याची घाई करण्याचे कारण नाही. पण ही अडचण सुटली तर झाडे वाचतील, हे निर्विवाद होय.

झाडे वाचतील, पण माणसांचे काय? लाकडासाठी निदान कुऱ्हाडवाला तरी लागत होता. बुरशीला सालीचा एक तुकडा पुरतो. एकदा तो तुकडा रानाबाहेर गेला की उत्पादनाचे साधनच गावाच्या हातून जाते. निसर्गात आहे तशा बुरशीवर आपल्या कायद्यानुसार पेटंट मिळत नाही. तिच्यापासून द्रव्य मिळवण्याच्या नव्या प्रक्रियेवर मात्र मिळू शकते. म्हणजे मालकी मागच्या दाराने येतेच.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने जैविक संपत्तीत सूक्ष्मजीवांचाही समावेश केला आहे. परंतु गावपातळीवरील समितीचा सल्ला घ्यावा, याहून फारसा अधिकार तिला दिला नाही. आणि २०२३ च्या दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्याची तुरुंगवासाची शिक्षाही काढून टाकली. ज्या कायद्याचा धाक दंडापुरता उरतो, तो दंड मोठ्या कंपनीच्या हिशेबात केवळ एक खर्चाची बाब ठरतो.

ग्रामसभेच्या संमतीवाचून नमुना रानाबाहेर जाता कामा नये, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीच्या उत्पन्नातही, केवळ लाकडाच्या नव्हे, गावाचा वाटा असला पाहिजे. ही मागणी अद्याप कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात शिरायची आहे?