पेन लाकडाचे की रेझिनचे? आधी नाव खरे सांगा



ज्ञानपंचमी जवळ आली की आपल्या मंडळात पेनांची चर्चा सुरू होते. पोथ्या मांडायच्या, वह्या-पेने ठेवून ज्ञानाची पूजा करायची आणि नंतर ती मुलांना वाटायची, ही आपली रीत. शहापूर-मुरबाडकडे हे वाटप पाड्यांवरच्या शाळांपर्यंत जाते. यंदा 'वापरा आणि फेका'वाली पेने नकोत, हाताने कातलेली घेऊ, असा विचार निघाला आणि दोन नमुने समोर आले. एक सागाच्या तुकड्यातून कातलेले, साधे. दुसरे रेझिनचे, निळे-हिरवे, मोरपिसासारखे चमकणारे. एक भगिनी म्हणाली, "रेझिनचेच घेऊ, त्यात जीवहिंसा नाही. लाकडासाठी झाड तोडावे लागते." दुसरी म्हणाली, "शेवटी ते प्लॅस्टिकच. ज्ञानाच्या पूजेला प्लॅस्टिक कशाला?" दोघीही धर्माच्याच नावाने बोलत होत्या, म्हणून हा विषय जरा नीट पाहावासा वाटला.

पहिली गोष्ट म्हणजे, 'अस्सल' आणि 'नकली' या शब्दांनी बिचकू नये. पेनांच्या जगात जे जुने आणि अस्सल मानले जाते, त्यातले बरेचसे स्वतःच कुणाचा तरी पर्याय म्हणून आले. सेल्युलॉइड घ्या. १८६०च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे होत. हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला एका कंपनीने १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि त्या खटपटीतून जॉन हायट यांचे सेल्युलॉइड आले. पुढे कंगवे झाले, बांगड्या झाल्या, पेनेही झाली. एबोनाइट म्हणजे रबराच्या चिकात भरपूर गंधक घालून तापवून कडक केलेला पदार्थ. आबनूस म्हणजे एबनी, त्या काळ्या लाकडासारखा दिसतो म्हणून हे नाव.

आपल्याकडचा दाखला तर वर्ध्याचा आहे. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी फाउंटन पेन बनवले. ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत ते गांधीजींकडे पोहोचले. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, असे कळवले. पर्याय वापरण्यात कमीपणा नसतो, हे यावरून दिसते. तो पर्याय कशासाठी आला, एवढे विचारले पाहिजे.

आपल्या धर्माने तर हे फार पूर्वी विचारले आहे. प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणताना पंधरा कर्मादाने येतात. त्यात दंत आणि लाख यांचा व्यापार श्रावकाने टाळावा, असे आहे. दंत म्हटले की हस्तिदंतच नव्हे, शिंग, शंख, शिंपले असे प्राण्यांच्या अंगाचे सारे आले. आता हौशी पेनांची जुनी यादी आठवून पाहा: हस्तिदंत, शिंग, हाड, कासवाची पाठ, मोत्याचा शिंपला, वरून लाखेची झिलई. जवळजवळ सगळी यादी कर्मादानात बसते! हस्तिदंती चुड्याशिवाय लग्न लागत नसे, ते दिवस आपल्या आजी-पणजींनी पाहिले. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९८६ आणि १९९१च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि चुडा प्लॅस्टिकचा झाला. सौभाग्य काही कमी झाले नाही. म्हणून हस्तिदंत, शिंग, शिंपला यांच्या जागी रेझिन आले असेल, तर मी त्याचे मनापासून स्वागत करते.

कुणी म्हणेल, हरणाची शिंगे तर दरवर्षी आपोआप गळतात, ती वापरली तर काय बिघडले? आपल्या कायद्यात त्यांचाही व्यापार बंद आहे आणि ते योग्यच आहे. एकदा बाजार उभा राहिला की गळलेले शिंग कोणते आणि मारून काढलेले कोणते, हे गिऱ्हाईक कसे ओळखणार?

लाखेकडे मात्र आपले लक्ष जात नाही. लाख झाडाचा डिंक नव्हे. फांद्यांवर बसणारे बारीक किडे ती अंगातून काढतात आणि खरवडताना त्यांच्यासकट खरवडली जाते. सुताराचे लाखदाण्याचे पॉलिश ते हेच. म्हणजे पेन सागाचे घेतले आणि वर लाखेची झिलई चढवली, तर 'नैसर्गिक' या शब्दाखाली हजारो जीव झाकले गेले. मेणाच्या पॉलिशचेही तसेच. मध वर्ज्य असलेल्या घरात मधमाशीचे मेण कसे चालेल? जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात, मध्ये नीट वाळू देऊन, पेनाला पुरतात. तेल रोजच्या हाताळण्याने हळूहळू उतरते, तेव्हा वर्षाकाठी पुन्हा एक हात द्यायचा. आपण लोखंडी तव्याला देतोच की.

आता लाकूड. झाड हा जीव आहे, आणि जंगल तोडून पोट भरणे हेही कर्मादानातच येते. त्यामुळे पेनासाठी उभे झाड पाडायला मी कधीच हो म्हणणार नाही. पण पेनाला लाकूड लागते किती? सुमारे पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाड तुकडा. त्याला मधून भोक पाडायचे, आत पितळी नळी चिकटवायची आणि लेथवर कातायचे. शहापूर, आसनगाव, मुरबाडला दारे-खिडक्या, देव्हारे, पलंग करणारे कारखाने आहेत. त्यांच्याकडे साग-शिसवीचे असे तुकडे कोपऱ्यात पडून असतात आणि शेवटी चुलीत जातात. ते झाड कधीच पडलेले आहे. त्याच्या राहिलेल्या तुकड्याला वीस वर्षांचे काम मिळाले तर नवीन हिंसा कुठली? कारखान्याचे लाकूड रीतसर बिलाचे आहे ना, एवढे मात्र विचारावे. आपला भाग तानसाच्या जंगलाला लागून आहे.

साधू-साध्वींची पात्रे आठवा. आचारांगात तीन प्रकारची पात्रे सांगितली आहेत: तुंब्याचे, लाकडाचे आणि मातीचे. मुंबई-नाशिक रस्त्याने विहार करणाऱ्या साध्वीजी महाराज गोचरीला येतात, तेव्हा त्यांच्या झोळीतले लाकडी पात्र कातलेलेच असते. ज्यांनी अहिंसेचे महाव्रत घेतले त्यांना लाकूड चालते, कारण ते वाळलेले, अचित्त आहे. म्हणून 'रेझिन अचित्त, लाकूड सचित्त' हा हिशेब मला पटत नाही.

रेझिनचीही बाजू ऐकू या. आपल्याकडे जूनपासून चार महिने कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आखडून तडकते. फाउंटन पेनात जिथे शाई लागते तिथे कोरे लाकूड चालतच नाही. तिथे एबोनाइट किंवा ॲक्रिलिकच हवे. चांगले ॲक्रिलिकचे पेन नीट वापरले तर नातवापर्यंत टिकते. पण कातताना त्याचा जो किस पडतो, तो कुठे जातो? लाकडाचा भुसा मातीत मिसळतो. रेझिनचा किस वाऱ्याने शेतात आणि नाल्यात जातो, नाहीतर कचऱ्याबरोबर जाळला जातो. ओतायचे रेझिन दोन द्रव मिसळून करतात. ते पूर्ण कडक होईपर्यंत कातडीला आणि श्वासाला त्रासदायक असते, कातताना उडणारी धूळही छातीत जाते. काम करणाऱ्या पोराच्या तोंडावर मास्क नसेल, तर त्या पेनाला अहिंसक कसे म्हणायचे?

मी बी.कॉम. झालेली, म्हणून पैशाचा हिशेबही मांडते. समजा फेकायचे पेन १० रुपयांचे आणि महिन्याला एक लागते. दहा वर्षांत १२० पेने, १,२०० रुपये. समजा हाताने कातलेले पेन ३०० रुपयांचे आणि रिफिल १० रुपयांची. दहा वर्षांत १,५०० रुपये. म्हणजे ३०० रुपये जास्तच, ते लपवून उपयोग नाही. वाचतात ती १२० पेनांची नळकांडी आणि टोपणे. फाउंटन पेन आणि शाईची बाटली घेतली तर रिफिलही वाचते. पण २०० मुलांना ३००चे पेन द्यायचे तर ६०,००० रुपये झाले आणि ते आपल्या मंडळाला झेपणारे नाही. माझे म्हणणे, सगळ्यांना वह्या आणि पेन्सिली द्याव्यात आणि कातलेले पेन फक्त दहावीच्या मुला-मुलींना, दोन रिफिलींसह. वाटपाची संख्या वाढवण्यापेक्षा दिलेली वस्तू टिकावी, हे अपरिग्रहाला धरून आहे.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. मागे एका प्रदर्शनात एक विक्रेता पांढरट पेन दाखवून "मॅडम, अस्सल हस्तिदंती" म्हणत होता. विचार करा. ते खरे असेल तर कायद्याने गुन्हा, आणि खोटे असेल तर रेझिनला हस्तिदंताची किंमत लावून चोरी. असेच रंगवलेल्या साध्या लाकडाला शिसवी म्हणतात, सुगंधी तेल लावलेल्याला चंदन म्हणतात. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत 'तप्पडिरूवे' हा शब्द आपण प्रत्येक प्रतिक्रमणात म्हणतो. त्याचा अर्थ, अस्सल वस्तूसारखी दिसणारी दुसरी वस्तू अस्सल म्हणून विकणे. शास्त्राने पर्यायी वस्तूला चोरी म्हटलेले नाही; तिला दुसऱ्याचे नाव देऊन पैसे घेण्याला म्हटले आहे. आपल्या घरांतून दुकाने चालतात, गल्ल्यावर बसणाऱ्या कितीजणी हे वाचत असतील. बिलावर 'रेझिन' असेल तर 'रेझिन'च लिहा. गिऱ्हाईक कमी होत नाही, उलट विश्वासाने परत येते.

आणि घेणाऱ्यांनीही खोट्याला उत्तेजन देऊ नये. हस्तिदंतासारखे दिसणारे पेन हौसेने मिरवले की हस्तिदंताची हौसच जिवंत राहते. त्यापेक्षा निळे-हिरवे, उघड उघड रेझिनचे पेन मला जास्त प्रामाणिक वाटते.

तर यंदा ऑर्डर देण्याआधी कारागिराला तीन गोष्टी विचारू या. हे नेमके कशाचे आहे, झिलईसकट? रिफिल किंवा शाई संपल्यावर पुन्हा भरता येते का? आणि जे सांगता आहात ते बिलावर लिहून देता का? तिन्हींची उत्तरे सरळ आली तर सागाचे घ्या, नाहीतर रेझिनचे घ्या, माझी हरकत नाही. माझे स्वतःचे मत कारखान्यातल्या सागाच्या तुकड्याला, जवसाच्या तेलाच्या झिलईचे. मंडळाची बैठक पुढच्या रविवारी आहे. येताना आपल्या ओळखीच्या सुताराला विचारून या, तुकडे किती निघतील ते.