तोंडीचे वीस गुण आणि आमच्या मुलांचे कान

दहावीला इंग्रजीत ७० गुण मिळवलेली आमच्या वस्तीतली मुलगी अकरावी सायन्सच्या वर्गात पहिल्याच महिन्यात गप्प का होते? सर इंग्रजीतून शिकवत असतात. ती फळ्यावरचे तेवढे वहीत उतरवून घेते, बाकीचे डोक्यावरून जाते. दिवाळीपर्यंत ती घरी सांगते, "मला सायन्स झेपत नाही, आर्ट्सला टाका." आजूबाजूचे लोक लगेच निकाल देऊन मोकळे होतात. कुणी म्हणतो मुलीचे लक्ष नाही, कुणी म्हणतो आरक्षणावर आलेली पोरे अशीच असतात. त्या ७० गुणांनी नेमके काय मोजले होते, हे मात्र कुणीच विचारत नाही.

आम्ही वस्तीत, विहारात, अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर काम करतो. त्या कामातून आमचे एक ठाम मत झाले आहे. आमच्या मुलांना इंग्रजी ऐकून आणि वाचून समजते का, हे शाळा कधी तपासतच नाही. ती जे तपासते ते वेगळेच काही असते, आणि त्याला 'इंग्रजी' असे नाव देते. या फसवणुकीची किंमत दहावीनंतर आमचीच मुले मोजतात.

आधी वाचनाचे बघू. राज्य मंडळाच्या दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीला लेखी ८० गुण आणि तोंडी-अंतर्गत २० गुण. लेखीत पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २० आणि कवितांना १० गुण. पुस्तकाबाहेरचा, न वाचलेला उतारा १० गुणांचा आणि त्याचा सारांश ५ गुणांचा. म्हणजे आकलनाची खरी कसोटी लागावी अशी जागा ८० पैकी १५ गुणांची. उरलेले बरेचसे गाईडमधून पाठ करता येते, आणि आमची मुले पाठ करतात. त्यात त्यांचा दोष नाही. गुण जिथे मिळतात तिथेच मुले कष्ट घालणार.

त्या १५ गुणांतही फट आहे. एक गंमत करून बघा. कुठल्याही भाषेत नसलेले एक वाक्य घ्या: "द ब्लाप वॉज मिर्डिंग इन द टॉव." आता प्रश्न विचारा, "व्हेअर वॉज द ब्लाप मिर्डिंग?" नववीचा कुठलाही मुलगा पटकन लिहील, "इन द टॉव." उत्तर बरोबर, गुण पूर्ण. ब्लाप म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही, कारण तसे काही नसतेच. प्रश्नातला शब्द पकडायचा, उताऱ्यात तो शोधायचा, ती ओळ उतरवायची, एवढी ही विद्या. उताऱ्यावरचे बरेच प्रश्न याच विद्येवर सुटतात. याला आकलन म्हणायचे असेल तर नक्कल काढणाऱ्या यंत्रालाही इंग्रजीत डिस्टिंक्शन द्यावे लागेल.

ही आमची नुसती शंका नाही. 'असर'ने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. इंग्रजीतली साधी वाक्ये वाचू शकणारी मुले ५७.३ टक्के निघाली. त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश मुलांनाच त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचून समजणारी मुले शंभरात चाळीस-बेचाळीसच्या आसपास, आणि तीही साध्या सुट्या वाक्यांची. त्याच पाहणीत सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे इंग्रजी शिकून मूल दहावीला पोहोचते. या दहा वर्षांत कुणी त्याला एकदा तरी विचारले का, की बाळा, तुला यातले समजते किती?

आता ऐकण्याचे. ऐकणे-बोलणे तपासायची जागा म्हणजे त्या अंतर्गत २० गुणांची. ते शाळेच्याच हातात असतात. प्रत्यक्षात काय होते ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. एक दिवस वर्ग रांगेत उभा राहतो. "व्हॉट इज युअर नेम? व्हॉट इज युअर फादर?" झाली तोंडी परीक्षा. सगळ्यांना १७, १८, १९. आपल्या शाळेचा निकाल आपल्याच हाताने कोण पाडणार? इंग्रजीतून दोन मिनिटांची सूचना, बातमी किंवा संभाषण ऐकवून त्यावर प्रश्न विचारले, असे आम्ही ज्या मुलांबरोबर काम करतो त्यांच्यापैकी क्वचितच कुणी सांगते.

हे २० गुण एकदा काढूनही पाहिले गेले. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांना अंतर्गत गुण नव्हते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता, पण गुण काढल्याचा फटका मोठा मानला गेला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती फक्त टक्क्यांची. गुण असताना मुलांना ऐकायला शिकवले नव्हते, काढले तेव्हाही नाही, परत दिले तेव्हाही नाही. गुण आले-गेले, कान होते तिथेच राहिले.

तरुण मित्रांनो, 'ऐकणे' हा आपल्यासाठी साधा शैक्षणिक मुद्दा नाही. या देशात ज्ञान हजारो वर्षे तोंडातून कानात गेले, आणि म्हणूनच पहिला पहारा कानावर बसवला गेला. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला धातू ओतावा, हे गौतम धर्मसूत्रात लिहिलेले आहे. त्याच्या उलट बुद्धाने आपल्या मार्गाने जाणाऱ्याला नावच दिले 'श्रावक', म्हणजे ऐकणारा. त्याची वचनेही आधी ऐकून-ऐकून टिकली आणि पुढे लिहिली गेली. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली गेली, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे तेच बाबासाहेब कोलंबियाच्या वर्गात बसले, साउथबरो समितीपुढे बोलले, गोलमेज परिषदेत समोरच्याचा मुद्दा त्याच्या भाषेत ऐकून जागच्या जागी त्याला उत्तर देऊ शकले. गोलमेज परिषद गाईड वाचून जिंकता येत नाही. तिथे ऐकून समजावे लागते.

आज कानात शिसे कुणी ओतत नाही. त्याची गरजही उरलेली नाही. कान तयारच होऊ द्यायचे नाहीत, आणि वर गुणपत्रिकेत १९ लिहायचे, एवढे पुरते. हे कुणी ठरवून करते असे आमचे म्हणणे नाही. पण परिणाम कुणावर होतो ते पाहा. ज्या घरात इंग्रजी बातम्या लागतात, आई-वडील फोनवर इंग्रजीत बोलतात, त्या घरातल्या मुलाचे कान शाळेने तयार केले नाहीत तरी तयार होतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियरे बुर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. घरातून आलेले भांडवल शाळेत शिरले की त्याचे नाव 'हुशारी' होते. ऊसतोड कामगाराच्या, सफाई कामगाराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला इंग्रजी ऐकायला मिळण्याची एकच जागा असते, ती म्हणजे शाळा. तिथेही इंग्रजीचा तास मराठीतून भाषांतर सांगण्यात संपतो.

आणि पुढचे दरवाजे मात्र फुकट गुण देत नाहीत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांना बहुतेक ठिकाणी आयईएलटीएससारख्या परीक्षेला सामोरे जावे लागते. तिथे ऐकण्याची स्वतंत्र परीक्षा आहे: सुमारे ३० मिनिटे, ४० प्रश्न, आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. वाचनाला ६० मिनिटांत ४० प्रश्न. राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. आपला तरुण वकील तिथे उभा राहतो तेव्हा न्यायमूर्तींनी काय विचारले हे एका दमात कळावे लागते. तिथे "सर, प्रश्न फळ्यावर लिहा" म्हणता येत नाही. खरी परीक्षा टळत नाही. दहावीला ती टाळली की ती मुलाला एकटे गाठते, जेव्हा शिकवणारे कुणी जवळ नसते.

यावर चळवळीतूनच दोन आक्षेप येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप: परीक्षा कडक केली की नापास होणार आपलीच पोरे, २०१९ मध्ये तेच झाले. बरोबर आहे. म्हणूनच आम्ही गाळणारी परीक्षा मागत नाही. डॉक्टर रक्त तपासतो तेव्हा रोग्याला नापास करत नाही. कमी काय आहे ते शोधून औषध देतो. आठवीच्या सुरुवातीला अशी तपासणी करा. तिचे गुण गुणपत्रिकेत धरू नका, शाळेच्या निकालात धरू नका, शिक्षकाच्या मूल्यमापनातही धरू नका. खोटे लिहिण्याचे कारणच उरणार नाही. मग दोन वर्षे शिकवा आणि दहावीला खरे मोजा. खोट्या १९ गुणांना दया म्हणू नका. रक्त न तपासता 'तब्येत ठणठणीत' असे लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपण दयाळू म्हणू का?

दुसरा आक्षेप: इंग्रजीचे एवढे स्तोम कशाला, मातृभाषा वाढवा. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माउली म्हटले, ते मराठी कवितेत. मराठीतून विचार करणे आणि इंग्रजीतून दार उघडणे यांत त्यांना भांडण दिसले नाही, आम्हालाही दिसत नाही. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावी दलितांनी इंग्रजी देवीचे मंदिर बांधायला घेतले, त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. पण देवीला हार घालून कान तयार होत नाहीत. आम्हाला इंग्रजी हत्यार म्हणून हवी आहे, आणि हत्याराला धार आहे की नाही हे बघावेच लागते.

खरे तर आकलनाच्या चांगल्या तपासणीत मराठीला मानाची जागा आहे. मुलाने इंग्रजी उतारा वाचला किंवा ऐकला, त्याला तो समजला, पण उत्तर इंग्रजीत लिहिता आले नाही म्हणून शून्य मिळाले, तर आपण समज मोजली की लेखन? ऐकणे-वाचणे तपासायचे असेल तर उत्तर मराठीत लिहू द्या, चित्रावर खूण करू द्या, नकाशावर रस्ता काढू द्या, तक्ता भरू द्या. लिहिण्याची परीक्षा वेगळी घ्या. दोन गोष्टी एकत्र केल्या की मूल कुठे अडले तेच कळत नाही.

बाकीच्या अटीही साध्या आहेत. उताऱ्यातले शब्द प्रश्नात जसेच्या तसे वापरू नयेत. उतारा विमानतळ, मॉल किंवा टेनिसवरच का असावा? एसटी, रेशन, बाजार, पाणीटंचाई यांवरही इंग्रजीत लिहिता येते. ज्याने विमानतळ पाहिलेले नाही त्याची तिथे भाषेची नव्हे, वडिलांच्या पगाराची परीक्षा होते. ऐकवण्यासाठी सगळ्यांना एकच ध्वनिमुद्रण असावे, आवाज आधी भारतीय माणसाचा असावा, प्रश्न आधी वाचायला द्यावेत, सुरुवातीला दोनदा ऐकवावे आणि सरावाने एकदावर यावे. एक मोबाईल आणि एक स्पीकर, एवढेच सामान. सीबीएसईने ध्वनिमुद्रणे वापरून ऐकण्या-बोलण्याची तपासणी कधीच सुरू केली. मग मराठी माध्यमाच्या मुलाला ती का नको?

आता प्रश्न आपल्याकडे येतो. सरकारकडे मागणी करूच. पालक-शिक्षक संघात बसून "तोंडी परीक्षेत मुलांना काय ऐकवले?" हा एक प्रश्न विचारा, पुढच्या वर्षी निदान काहीतरी ऐकवले जाईल. पण तोवर विहार मोकळेच आहेत, अभ्यासिका आहेत, शिकलेले तरुण आहेत. १४ एप्रिलच्या डीजेच्या वर्गणीतला छोटा वाटा बाजूला काढला तरी प्रत्येक विहारात एक स्पीकर येईल. आठवड्यातून एक तास, दोन मिनिटांचे इंग्रजी, पाच प्रश्न, उत्तरे मराठीत. चुकलेल्या उत्तरावर थांबायचे आणि विचारायचे: आवाज कळला नाही, शब्द माहीत नव्हता, की विषयच अनोळखी होता? औषध या तीन उत्तरांप्रमाणे वेगवेगळे आहे, आणि ते शोधायला बी.एड. लागत नाही.

आम्ही असे तास घेतो. सुरुवातीला मुले गोंधळतात, कारण कुणी ओळ उतरवायला सांगत नाही. महिना-दोन महिन्यांनी एखादी मुलगी हात वर करून म्हणते, "दादा, परत लावा, मधले एक वाक्य सुटले." आपले काय सुटले हे जिला कळू लागले, ती पुढे कुठल्याही वर्गात गप्प बसणार नाही. बाबासाहेबांनी 'शिका' हा पहिला आदेश दिला. शिकलो की नाही हे प्रामाणिकपणे तपासणे हा त्या आदेशाचाच भाग आहे, आणि ते काम आपण शाळेच्या भरवशावर फार वर्षे सोडले.

जय भीम!