शेवटी मास्तरच ना?

परवा दुपारी भाचेजावई आले होते. चहा होईपर्यंत मी त्यांना चार्ल्स हेन्री टर्नरची गोष्ट सांगत बसले. सध्या माझ्या डोक्यात तोच आहे, त्यामुळे येईल त्याला मी तेच ऐकवते. (घरचे कंटाळलेत, म्हणून आता तुमची पाळी!) मधमाश्यांना रंग दिसतात का, हे तपासणारा अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. १९०७ साली शिकागो विद्यापीठाची पीएचडी मिळवली आणि १९०८ पासून १९२२ पर्यंत सेंट लुईस गावातल्या समनर हायस्कूलमध्ये शिक्षक होता. जावयांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मावशी, एवढं शिकून शेवटी मास्तरच ना?"

त्या दिवशी चहात साखर का नव्हती, ते जावयांना आता कळेल. ते हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

मी विज्ञानाची नव्हे. मराठी माध्यमातून बी. ए. केलं आणि जन्मभर मुलांना व्याकरण नि कविता शिकवल्या. पण टर्नरचा प्रयोग समजायला विज्ञान फार लागतच नाही, आणि मला तो आवडला तो त्यामुळेच. १९१० साली सेंट लुईसच्या ओफॅलन पार्कात हा गृहस्थ पुठ्ठ्याच्या रंगीत चकत्या काड्यांवर लावून उभा करायचा. लाल चकतीवर मध ठेवायचा. माश्यांना सवय झाली की त्या लाल चकतीकडेच जायच्या, शेजारच्या दुसऱ्या रंगाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. मग चकत्यांऐवजी कागदाचे शंकू, मग डब्या. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, माश्यांना नक्षीतला फरक ओळखता येतो का याचे प्रयोग. एवढं सगळं सामान आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पेटीत सहज निघालं असतं! त्या पेटीशेजारी मी कितीतरी वर्षं बसले, पण माशीला काय दिसतं हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पडायला हवा होता. कामकरी माशीच्या एकेका डोळ्यात पाच हजारांच्या आसपास बारीक बारीक नेत्रिका असतात आणि तिचं जग आपल्यापेक्षा वेगळ्याच रंगांचं असतं.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांना बोलते. टर्नरवर हल्ली जे भावुक लेख येतात, त्यांत असा सूर असतो की माश्यांची रंगदृष्टी यानेच आधी सिद्ध केली, आणि नोबेल मात्र कार्ल फॉन फ्रिशला मिळालं. हे मला पटत नाही. फ्रिशला १९७३ साली नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासाबद्दल, लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्याबरोबर. त्यात माश्यांच्या नाचाचा वाटा मोठा. आणि टर्नरच्या प्रयोगात एक भोक होतंच. माशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. तिच्या डोळ्याला अतिनील, निळा आणि हिरवा हे तीन प्रकाश उमजतात, लाल तिला काळपट वाटतो. तेव्हा टर्नरच्या माश्या रंग ओळखून येत होत्या की नुसता गडदपणा, हे त्या चकत्यांवरून ठरत नाही. फ्रिशने १९१४ साली ते भोक बुजवलं. निळ्या कागदाभोवती करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांचे कागद मांडले. माशी रंग न बघता नुसता उजेड-अंधार बघत असती, तर एखाद्या करड्या कागदाशी तिची गफलत व्हायला हवी होती. निळ्याच्या बाबतीत ती झाली नाही, लालाच्या बाबतीत मात्र झाली.

टर्नरला मोठं करण्यासाठी हे झाकायचं काय कारण? परीक्षेचा पेपर तपासताना मी आवडत्या मुलाचेही मार्क कापत असे.

पण मग पुढचं विचारा ना! फ्रिशचे सख्खे मामा म्हणजे झिगमुंड एक्सनर. कीटकांच्या संयुक्त डोळ्यावरचा पाया घालणारा ग्रंथ त्यांनी १८९१ साली लिहिला. त्याच १८९१ साली टर्नर सिनसिनाटी विद्यापीठातून बी. एस. झाला. फ्रिशला घरात मामा होते, म्युनिकची प्राणिशास्त्र संस्था होती, ब्रुनविंकलला तळ्याकाठी घरच्यांचं उन्हाळी घर होतं, जिथे तो माश्या पाळून प्रयोग करी. टर्नरला ना संशोधन करणारे विद्यार्थी, ना मदतनीस. शाळा सुटल्यावर आणि सुटीत जे जमेल ते. तरी त्याचे सत्तरच्या वर निबंध छापून आले, मुंग्या, झुरळं, पतंग, कोळी सगळ्यांवर. चकत्यांच्या शेजारी करडे कागद मांडून बघ, असं म्हणणारं कुणी त्याच्या जवळपास असतं तर? मला हा प्रश्न सुटत नाही.

आणि इथे माझीही एक चूक कबूल करते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंदच झाला होता. आपल्यातला! शाळेत शिकवून एवढं केलं! दोन दिवस मी त्या तोऱ्यात होते. मग लक्षात आलं की समनर ही कृष्णवर्णीय मुलांसाठीची वेगळी शाळा होती. वेगळी, कारण कायदाच तसा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली त्या वेगळेपणावर शिक्का मारला आणि शाळांपुरता तो पुसला गेला १९५४ साली. टर्नर १९२३ मध्येच वारला, छप्पन्न वर्षांचा होऊन. म्हणजे शाळा ही त्याची आवडनिवड होती असं म्हणायला त्याच्यापुढे मोकळं मैदानच कुठे होतं? पूर्वी अटलांटाला कॉलेजात शिकवत होता तेही कृष्णवर्णीयांसाठीचंच कॉलेज. त्याच्या शाळेतल्या नोकरीवर मी शिक्षकांची शान म्हणून मिरवणं हेही थोडं निर्लज्जपणाचंच.

म्हणून जावईबापू, तुमचं वाक्य मला लागलं ते मास्तर शब्दामुळे नाही, 'शेवटी' या शब्दामुळे. जणू तो धडपडत जाऊन तिथे पडला! त्याला विद्यापीठाबाहेर कुणी ठेवलं, हे न विचारता तुम्ही शाळेला हसलात.

आता घरचंच एक. तुमच्या मुलीची प्रयोगवही मी मागच्या खेपेला पाहिली. आठवीतली पोर. निरीक्षण, अनुमान, सगळं सुवाच्य. मी विचारलं, प्रयोग कसा केलास गं? तर म्हणाली, आजी, प्रयोग झाला नाही, फळ्यावरून उतरवून घेतलं. तुम्ही शेजारीच बसला होतात आणि अक्षर छान आहे म्हणालात. इतक्या फीच्या शाळेत जे होत नाही ते एका माणसाने पुठ्ठा आणि मधावर केलं, आणि तो तुम्हाला नुसता मास्तर वाटतो.

असो. सुटीत तिला आठ दिवस इकडे धाडा. गच्चीत तुळशीला मंजिऱ्या आल्यात, सकाळी माश्या असतातच. लाल आणि निळे घोटीव कागद मी आणून ठेवलेत. करडे काही दुकानात मिळाले नाहीत, ते काळ्या-पांढऱ्या रंगातून आम्ही दोघी घरीच रंगवू.