करमणूक ही चैन नव्हे

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात अपंगांच्या सहलीचा प्रश्न मांडला, तर आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील की, आधी पाणी, रोजगार आणि निवृत्तिवेतन. करमणुकीचे नंतर पाहू. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटला तरी तपासून घेतला पाहिजे. आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या कामगार चळवळीने विश्रांती आणि विरंगुळा हा श्रमिकांचा हक्क मानला. तोच हक्क अपंगांच्या बाबतीत चैन कसा ठरतो?

शिवाय येथे एकटी व्यक्ती वंचित होत नाही. सहलीला जाते ते कुटुंब. चाकांच्या खुर्चीवरचा मुलगा प्रवेशद्वाराशी अडला, की त्याच्याबरोबर आईही बाहेर बसते. पुढच्या खेपेस त्याला आजीजवळ घरीच ठेवले जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग व्यक्तींची नोंद झाली. तेवढ्या घरांचा हा प्रश्न आहे.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २९ ने इतरांच्या बरोबरीने करमणुकीत सहभागी होण्याचा हक्क मान्य केला आहे. व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देण्यास नकार देणे हाही भेदभावच, असे तो सांगतो. १५ जून २०१७ रोजी नियम प्रसिद्ध झाले. तेव्हापासून दोन वर्षांत सरकारी व खाजगी सेवा आणि पाच वर्षांत अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम व्हावयाच्या होत्या. दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावले की, सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत. ते बंधनकारक केले पाहिजेत. शासनाने ‘अपंग’ शब्द बदलून ‘दिव्यांग’ केला. शब्द बदलण्यास खर्च येत नाही, पायऱ्या बदलण्यास येतो.

शहरांजवळच्या मोठ्या करमणूक उद्यानांबाबत सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. वेगाने फिरणाऱ्या पाळण्यात काही शरीरांना खरोखर धोका असतो, हे मान्य केले पाहिजे. पण प्रत्येक पाळण्याची गरज वेगळी असते. तोल सांभाळण्याची, पट्टा धरण्याची किंवा स्वतः चढउतार करण्याची नेमकी अट कोणती, हे न सांगता सरसकट नकार देणे ही सुरक्षितता नव्हे, सोयीस्करपणा होय. धाराशिवहून खोपोलीकडे जाणारे कुटुंब तीनशे किलोमीटरांचा प्रवास करते आणि अनेक दिवसांची मजुरी त्यात ओतते. अटी, रांगेतील सवलत, सोबत्याचे तिकीट आणि वापरण्याजोगी शौचालये यांची माहिती त्याला घर सोडण्यापूर्वी मिळाली पाहिजे.

अमेरिकेत टेक्सासमधील सान अँटोनियो येथे २०१० साली अपंगांना डोळ्यांपुढे ठेवून ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान उभारले गेले. अपंगांना तेथे प्रवेशशुल्क नाही. पाण्यातील खेळांसाठी हवेच्या दाबावर चालणाऱ्या खुर्च्या आहेत. म्हणजे अडचण तंत्राची नाही. मात्र ते उद्यान दानशूरतेवर उभे राहिले आहे. आपला आग्रह दानाचा नाही, हक्काचा आहे.

आपल्या जिल्ह्यातील सामान्य कुटुंबांची सहल मुख्यतः तुळजापूर, नळदुर्ग, परांडा आणि येरमाळ्याची जत्रा यांभोवती फिरते. तुळजाभवानीच्या दर्शनाला महाद्वारातून पायऱ्या उतराव्या लागतात. नळदुर्गात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. त्याच्या दगडी पायऱ्या फोडा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु वारसा जपूनही काढता येण्याजोगा लाकडी उतार, सपाट वाट, नर-मादी धबधबा बसून पाहता येईल अशी जागा आणि रुंद दाराचे शौचालय करता येते. तुळजापूरच्या विकासासाठी २०२५ साली १,८०० कोटींहून अधिक रुपयांच्या आराखड्यास मंजुरी मिळाली. उतार नकाशातच असेल तर त्याचा खर्च एकूण खर्चात दिसतही नाही. इमारत उभी राहिल्यावर तोडफोड करून तो बसवायचा तर भुर्दंड पडतो. म्हणून आग्रह धरण्याची वेळ हीच आहे.

स्थानिक संस्थांच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी अपंगांसाठी राखीव असतो. बागेचा उतार त्यातून करा, असे सांगितले जाईल. ती पळवाट मान्य करू नये. बाग सर्वांची असेल तर तिचे दारही सर्वांच्याच पैशातून रुंद झाले पाहिजे. राखीव निधी हा व्यक्तीच्या उपजीविकेसाठी आणि साधनांसाठी वापरावा.

१९९३ च्या भूकंपानंतर याच जिल्ह्याच्या लोहारा-उमरगा भागात गावेच्या गावे नव्याने वसवली गेली. शासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे येथील जनतेने पाहिले आहे. आता कार्यकर्त्यांनी अपंग व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना बरोबर घेऊन प्रत्येक तालुक्यातील बाग, जत्रास्थळ, बसस्थानक आणि किल्ला यांची पाहणी करावी, उणिवांची यादी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी आणि दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार दाखल करावी. पाहणीत शेवटचा शब्द मात्र अपंगांचाच असावा. त्यांच्या वतीने बोलणारे आजवर पुष्कळ झाले.