रुमालापेक्षा वर्ग मोठा

रमजान हा कुराण अवतरणाचा महिना, आणि त्या अवतरणातला पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच. रोजा, तरावीह, जकात यांची चर्चा या महिन्यात घरोघरी होते; या पहिल्या शब्दाची मात्र कमी होते. वाचायला निघालेली मुलगी महाविद्यालयाच्या फाटकाशी अडते, तेव्हा तो सर्वांनाच आठवायला हवा. अडवणाऱ्यांना, तसाच तिच्या घरच्यांनाही.

मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, स्टोल, बॅज यांना मनाई केली. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. ड्रेसकोड सर्व धर्म-जातींना सारखाच लागू आहे, असे म्हणत उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बॅजवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकण्याची मुभा मात्र दिली नाही. धर्म कळू नये म्हणून हा नियम, असे महाविद्यालयाने सांगितले, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले : मग नावावरून धर्म कळत नाही का? टिळा, टिकली यांनाही बंदी घालणार का?

या प्रकरणातली एक बाब फारशी चर्चेत आली नाही. त्या मुली दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला होत्या. त्यांनी प्रवेश घेतला, फी भरली, प्रयोगवह्या पूर्ण केल्या आणि मग मध्येच नियम आला. अर्ध्या वाटेवर अट बदलणे कोणत्याच विद्यार्थ्याच्या बाबतीत न्याय्य नाही.

गणवेशामागचे तत्त्व मला पटते. श्रीमंताचे आणि मोलकरणीचे लेकरू एका बाकावर सारखे दिसावे, ही गोष्ट लहान नाही. पण सारखेपणा शर्टाच्या रंगाने येतो; डोक्यावर त्याच रंगाचा रुमाल असल्याने तो मोडत नाही. केंद्रीय विद्यालयांत असा रुमाल चालतो, हे कर्नाटकच्या हिजाब खटल्यात वकिलांनी मांडलेच होते. त्या खटल्यात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. न्या. हेमंत गुप्ता यांनी समान गणवेशाचा आग्रह उचलून धरला, न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीच्या निवडीला आणि तिच्या शिक्षणाला अधिक मोल दिले. दोन विद्वान न्यायमूर्तींचे जिथे एकमत झाले नाही, तिथे फाटकावरच्या शिपायाने निकाल द्यावा, ही अपेक्षा चूक आहे.

पुणेकरांना हा प्रश्न समजायला फार लांब जायला नको. भर दुपारी फर्ग्युसन रस्त्यावर उभे राहा. दुचाकीवरच्या कितीतरी मुलींचे चेहरे स्कार्फने असे गुंडाळलेले असतात की फक्त डोळे दिसावेत, आणि तेही गॉगलआड. ऊन, धूळ, धूर ही कारणे सगळ्यांना ठाऊक. त्या स्कार्फचा धर्म कुणी विचारत नाही. त्यातल्याच एकीने पार्किंगमध्ये चेहरा मोकळा केला आणि डोक्यावरचा स्कार्फ तसाच ठेवून ती वर्गात आली, तर कापड तेच असते. बदलते ती पाहणाऱ्याची नजर.

नजरेचा विषय निघालाच आहे, तर घरातलेही बोलू. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. आमच्या मोहल्ल्यांत पहिला भाग विसरला जातो आणि दुसऱ्याची राखण करायला मात्र सगळे पुढे असतात. ‘कॉलेज रुमाल चालू देत नाही ना, मग बस घरी’ म्हणणारे वडील आणि ‘रुमाल काढ, नाहीतर घरी जा’ म्हणणारे फाटक, दोघांमुळे होते एकच : मुलगी घरी बसते. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची सगळी मते अनेकांना मान्य नाहीत. पण स्त्रीचा निर्णय स्त्रीला घेऊ द्या, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी. जिला रुमाल हवा तिला तो बांधता यावा, आणि जिला नको तिला खालाजानचे टोमणे ऐकावे लागू नयेत.

महाविद्यालयांनी काय करावे, हेही अवघड नाही. पोशाखाचा नियम माहितीपत्रकात, प्रवेशाआधी छापावा. वर्गात आणि तोंडी परीक्षेत चेहरा दिसावा, प्रयोगशाळेत बर्नरजवळ कापडाचे सुटे टोक नसावे, ही अट रास्त आहे. ती दुपट्ट्यालाही लागू आहे. परीक्षेत ओळख पटवायला महिला पर्यवेक्षक असावी. विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय नवा नियम आणू नये.

१८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे घर सोडावे लागलेल्या जोतिराव-सावित्रीबाईंना गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. मुलींसाठी शाळेचे दार उघडताना या शहरात दोन धर्मांची माणसे एका छपराखाली राहिली होती. ईद होईल, परीक्षा होतील, जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. तेव्हा बारावीच्या गुणपत्रिका घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींना त्यांचे गुण आधी विचारले जावेत.