उमेदवारांची उमेद

काळी नदीवरील सुपा धरणाने कर्नाटकाला वीज दिली. त्याची किंमत सुपा गावाने भरली. १९७४ साली आरंभलेले आणि १९८७ साली पूर्ण झालेले हे १०१ मीटर उंचीचे धरण गणेशगुडीस उभे राहिले. गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले आणि विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली. ज्यांनी घरेदारे सोडली त्यांची नातवंडे आता अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र हाती घेऊन शिकाऊ उमेदवारीच्या शोधात निघतात. त्यांच्या वाट्यास काय येते, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

शिकाऊ उमेदवार हा मोठा विचित्र प्राणी आहे. तो विद्यार्थी नव्हे, कारण कॉलेज सुटलेले असते. आणि कामगारही नव्हे, कारण १९६१ च्या कायद्याच्या १८ व्या कलमाने त्याला कामगार मानलेले नाही. घरी कोकणी, शाळेत कन्नड किंवा मराठी, कारखान्यात हिंदी आणि यंत्राच्या पुस्तिकेत इंग्रजी, अशा चार भाषांतून त्याने एकच विद्या शिकायची. आरंभीचे महिने पान्हे देण्यात आणि लोखंडाचा कीस झाडण्यात जातात. त्यातही कमीपणा नाही. बेअरिंगचा बदललेला आवाज कानाने ओळखणे पुस्तकातून येत नाही. ते जुन्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच येते. कैग्याच्या पहिल्या अणुसंचाने २०१८ साली सलग ९६२ दिवस चालून त्या वेळचा जागतिक विक्रम केला, तो अशाच जागरूक हातांच्या बळावर.

परंतु झाडू हाती देऊन वर्ष संपवले, तर ते शिक्षण नव्हे, स्वस्त मजुरी होय. कायद्याने हे ओळखले आहे. शिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची खात्री झाल्यावाचून उमेदवाराकडून जादा तास काम घेण्यास सल्लागार अधिकाऱ्याने परवानगी देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांनाही या कक्षेत आणले. २०१९ च्या नियमांनी पदवीधरास दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकास ८,००० रुपये विद्यावेतन ठरवले. जोयड्याच्या रानातील वाडीवरून रोज कारखान्यात जाणे-येणे शक्य नसते. खोलीचे भाडे, खानावळ आणि बसचे तिकीट भागवल्यावर या रकमेतून घरी काय पाठवणार?

कारखानदार म्हणतात, नवशिक्याच्या हातून माल बिघडतो, आणि कारखाना म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. यात तथ्य आहे. म्हणूनच पदवी व पदविकाधारकांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. सरकारी तिजोरीतून पैसा घ्यायचा तर शिकवण्याचे उत्तरदायित्वही घ्यावयास हवे.

काळीच्या पाण्यावर आणि काठावर उभ्या असलेल्या प्रकल्पांकडे आमचे मागणे माफक आहे. विस्थापितांच्या मुलांसाठी उमेदवारीच्या काही जागा राखून ठेवाव्यात. दूरच्यांसाठी वसतिगृह असावे. दर तीन महिन्यांनी, मुलगा काय शिकला याची तपासणी व्हावी. केवळ हजेरीपत्रक पाहून भागणार नाही. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, हे खरे. परंतु २०१४ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक मालकाने भरतीचे आपले धोरण ठरवावयाचे आहे. ते धोरण फाइलीत न ठेवता फाटकावरील फलकावर लावावे.

'उमेदवार' या शब्दाच्या पोटी 'उमेद' आहे. ज्या खोऱ्याने आपली जमीन बुडवून इतरांच्या घरी दिवे लावले, त्याच्या मुलांची ही उमेद तरी बुडू नये.