हजेरीपटावरील रिकामे घर

सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर एक यादी झळकते. ७५ टक्के उपस्थिती न भरलेल्यांची. तिला सर्रास ‘डिफॉल्टर लिस्ट’ म्हणतात. कर्जबुडव्यांसाठीचा शब्द विद्यार्थ्यांना! दोन-दोन महिने वर्गात न दिसलेल्या मुलाची संस्थेने घेतलेली ही पहिली दखल, आणि तीही दंडासाठी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार पाहता सर्वाधिक महाराष्ट्रात. त्यात शालेय विद्यार्थीही आहेत. पण म्हणून विद्यापीठांना हात झटकता येणार नाहीत. २०१६ साली दिल्लीतील विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याला उपस्थिती कमी म्हणून परीक्षेस बसू दिले गेले नाही आणि त्याने जीवन संपविले. त्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला : केवळ उपस्थितीच्या कारणास्तव विधी विद्यार्थ्यांना परीक्षेपासून रोखू नये.

त्याआधी, जुलै २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तेथे किमान एक पात्र समुपदेशक हवा. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवे. यातला ‘शिक्षकेतर’ हा शब्द मोलाचा आहे. कोणाचे ताट आठ दिवस न जेवता परत जाते, हे खानावळवाल्याला कुलगुरूंच्या आधी कळते. कोणाची शिष्यवृत्ती अडली आहे आणि कोण शुल्काच्या खिडकीवरून मान खाली घालून परतला, हे कारकुनाला ठाऊक असते. त्यांना मानसोपचारतज्ज्ञ व्हायचे नाही. थांबून विचारायचे, मध्येच उपदेश न करता ऐकायचे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का हे स्पष्ट विचारायला भ्यायचे नाही (विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत), एकटे सोडायचे नाही आणि तज्ज्ञापर्यंत नेऊन पोहोचवायचे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून अहोरात्र चालते. तो क्रमांक किती वसतिगृहांच्या भिंतीवर लिहिलेला आहे?

पण आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे फलक, दीपप्रज्वलन आणि छायाचित्र. ‘नॅक’ची समिती येण्याआधी चार रात्री जागून ‘मेंटॉर-मेंटी’ नोंदवही एकाच शाईने भरणारी मंडळी हाही कागद बिनचूक रंगवतील. अर्थात, तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या प्राध्यापकाने कोणाचे मन जाणून घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरणाऱ्या शासनालाच द्यावे लागेल.

आणि आपले काय? ‘ही पाश्चात्त्य थेरे आहेत, आजची पिढीच लेचीपेची, गीता वाचा म्हणावे,’ असे आपल्याच बैठकांतून ऐकू येते. गीता अवश्य वाचावी, मात्र पहिल्या अध्यायापासून. त्याचे नावच अर्जुनविषादयोग. प्रत्यक्ष भगवंत त्या अध्यायात जवळजवळ मौन आहेत. अर्जुन बोलतो, ते ऐकतात. अर्जुनासारखा धनुर्धर गलितगात्र होतो, हात कापतात, तोंड कोरडे पडते. त्याला लेचापेचा म्हणण्याची कोणाची प्राज्ञा आहे? ज्या परंपरेत शिष्य आचार्यांच्या घरीच राहत असे, त्या परंपरेचे वारस विद्यार्थ्याची चौकशी करणे परकीय मानतात, याला काय म्हणावे!

शाखेत एखादा स्वयंसेवक चार दिवस आला नाही तर गटनायक त्याच्या घरी जातो. जाब विचारायला नव्हे. आजारी आहे का, घरी काही अडचण आहे का, हे पाहायला. गेली शंभर वर्षे हे कोणत्याही परिपत्रकाविना चालले आहे. विद्यापीठांच्या अधिसभांत आपल्या विचाराचे प्रतिनिधी निवडून जातात. त्यांनी येत्या बैठकीत एवढेच विचारावे : सलग आठवडाभर गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीचे दार कोण ठोठावणार, त्या व्यक्तीचे नाव काय, आणि त्या कामाचे तास त्याच्या कार्यभारात धरले आहेत की नाहीत?